आठवड्यातून एकदा, नाकापासून शेपटीपर्यंत

तपासणी सुरू होते ती कुत्रा गाढ झोपलेला असताना. त्याला हात न लावता छातीकडे बघायचं आणि श्वास मोजायचे. छाती वर गेली आणि खाली आली की एक. ३० सेकंद मोजून आकडा दुप्पट करायचा. झोपेत पाय हलवत, कुईकुई करत असेल तर थांबायचं, कारण स्वप्नात श्वास वाढतो. निरोगी कुत्र्याचा शांत झोपेतला आकडा मिनिटाला ३० च्या आत असतो आणि प्रत्येकाचा स्वतःचा आकडा बऱ्यापैकी ठरलेला असतो. म्हणून तो तारखेसह वहीत लिहायचा. लहान जातींच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाची झडप गळायला लागते. त्यातून फुफ्फुसात पाणी साठू लागलं की सगळ्यात आधी हाच आकडा चढतो. नेहमी १८-२० असणाऱ्याचा लागोपाठ दोन रात्री ३५ आला, तर खोकला सुरू व्हायची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.

कुत्रे सांभाळताना आम्ही ही तपासणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या क्रमाने करतो. पंधरा-वीस मिनिटं पुरतात, दिवसाचा उजेड मात्र हवा. क्रम ठरलेला असला की एखादी जागा बघायची राहून जात नाही, आणि पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे कुत्राही शांत उभा राहतो. पिल्लू घरी आल्याच्या दिवसापासून त्याचे ओठ उचलायची, कानात बघायची, पंजे धरायची सवय लावावी. मोठ्या कुत्र्याला ही सवय लागते, पण महिने जातात. आजारी कुत्रा बहुतेक वेळा फक्त ‘नेहमीपेक्षा वेगळा’ वाटतो. नेहमीचं काय, हे हाताला माहीत असल्याशिवाय वेगळं काय ते कळत नाही.

पहिला हात तोंडाला. वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरची हिरडी बघायची. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. काहींच्या हिरड्या मुळात काळ्या असतात, त्यांच्यात खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघावा. फिकट, जवळजवळ पांढरा रंग म्हणजे रक्त कमी झालंय. गोचीडताप, आकडेकृमी, नाहीतर पोटात कुठेतरी रक्तस्राव. पिवळट रंग यकृताकडे किंवा रक्तपेशी फुटण्याकडे बोट दाखवतो. विटेसारखा लालभडक रंग उष्माघातात आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यावर दिसतो. निळसर दिसला तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना.

ओठ उचललेलाच असतो, तेव्हा मागची दाढ बघून घ्यायची. वरच्या जबड्यात गालाच्या बाजूला जी सगळ्यात मोठी दाढ असते, तिथे कीट सर्वांत आधी धरतं, कारण लाळग्रंथीचं तोंड तिच्या अगदी जवळ उघडतं. खाण्यानंतर दातावर मऊ थर बसतो. लाळेतले क्षार त्याला दोन-तीन दिवसांत दगडासारखं घट्ट करतात, आणि एकदा घट्ट झाला की ब्रशने निघत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा ब्रश करून काही साधत नाही. रोज, निदान दिवसाआड तरी करावा लागतो. तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्यांना कमी-अधिक हिरड्यांचा आजार असतो आणि मालक त्याला ‘कुत्र्याच्या तोंडाचा वास’ म्हणून सोडून देतात. निरोगी तोंडाला असा कुजका वास येत नाही.

ब्रशची सवय लावायची रीत हळूहळूची आहे. सुरुवातीचे काही दिवस बोटावर कुत्र्याची पेस्ट घेऊन फक्त चाटू द्यावी. मग बोट ओठाच्या आत घालून दातांवरून फिरवावं, मग बोटाला जाळीचं कापड गुंडाळून, आणि शेवटी मऊ ब्रश. तोंड उघडायची गरज नाही. जबडा मिटलेला ठेवून ओठ मागे सारायचा आणि दात व हिरडी जिथे मिळतात तिथे ब्रश तिरका धरून छोटे गोल फिरवायचे. एका बाजूला अर्धा मिनिट पुरतो. आतली बाजू जीभ बरीच साफ ठेवते. माणसाची पेस्ट अजिबात नको. कुत्रा ती थुंकत नाही, गिळतो. तिच्यात फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, जो कुत्र्याला विषारी आहे.

घट्ट झालेलं कीट भूल न देता खरवडून देणारे लोक असतात. दात पांढरा दिसतो आणि मालक खूश होतो, पण आजार हिरडीच्या खाली असतो आणि तिथवर ते हत्यार जात नाही. भूल देऊन, एक्स-रे काढून केलेली सफाईच कामाची. चघळायला काय द्यावं, याची सोपी कसोटी अंगठ्याच्या नखाची: नख रुतलं तर चालेल. शिंगं, खूर आणि कडक हाडं यांनी तीच मोठी दाढ उभी चिरते. डोळ्याच्या खाली अचानक सूज आली, तर ती बहुतेकदा डोळ्याची नसून या दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवाची असते.

डोळ्यांना फार वेळ लागत नाही. दोन्ही सारखे उघडे, स्वच्छ, बुबुळ चकचकीत. एक डोळा मिटून धरणं म्हणजे वेदना. बुबुळावर जखम असू शकते, त्याच दिवशी दाखवावं. घरात उरलेले जुने थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असलं तर बुबुळावरची जखम भरण्याऐवजी खोल जाते. चिकट, दोरीसारखा पिवळट स्राव रोज येत असेल तर अश्रू कमी तयार होत असण्याची शक्यता असते. डॉक्टर कागदाची पट्टी पापणीत एक मिनिट ठेवून ते मोजतात.

कानांना मात्र वेळ द्यायचा. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग आत वळते, काटकोनात. त्यामुळे आत गेलेलं पाणी आणि मळ तिथेच राहतो. आधी नाक जवळ नेऊन वास घ्यावा. निरोगी कानाला जवळपास वास नसतो. आंबलेल्या पिठासारखा वास आणि तपकिरी, तेलकट मळ असेल तर बहुधा यीस्ट वाढलंय. पिवळा-हिरवट पू आणि घाण वास म्हणजे जिवाणू. कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा, काळा भुगा पिल्लांच्या कानात दिसला तर कानातले किडे. हे अंदाज आहेत, औषध ठरवायला मळ सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो. यीस्टवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि किड्यांवर अँटिबायोटिकही नाही, यीस्टचं औषधही नाही. मागच्या वेळची उरलेली बाटली नेमकी इथेच घात करते.

साफ करायचा असेल तर कुत्र्यांसाठीचं कान धुण्याचं द्रावण कोमट करून घ्यावं. कानाची पाळी वर धरून नळी भरेल इतकं ओतावं. थेंब-दोन थेंबांनी काही होत नाही. मग कानाच्या मुळाशी, गालाच्या मागे, अंगठा आणि बोटाने २०-३० सेकंद चोळावं. आतून पचपच आवाज आला पाहिजे. तो आला म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोचलं. नंतर पाळी सोडून एक पाऊल मागे व्हावं आणि कुत्र्याला डोकं झाडू द्यावं. आत विरघळलेला मळ त्या झटक्यांनीच वर येतो. वर आलेला कापसाने, बोट जाईल तितकंच आत पुसावा. कानकाडी नको, ती मळ आणखी आत ठोकते. कान दुखत असेल, डोकं एका बाजूला झुकत असेल, चालताना तोल जात असेल तर काहीही ओतू नये. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी कायमचं बहिरेपण येतं. आधी डॉक्टरांनी पडदा बघायला हवा. आणि निरोगी कान दर आठवड्याला धुवायचा नसतो. उगाच धुतल्याने कातडी ओली राहते आणि नसलेला त्रास सुरू होतो. पोहून किंवा आंघोळ करून आला की कोरडा करणं, एवढं पुरे.

वर्षातून तीन-तीनदा कान बिघडत असेल तर मूळ कानात नाही. बहुतेकदा ती ॲलर्जी असते. धूळकिडे, परागकण, कधी खाण्यातलं एखादं प्रथिन. अशी कुत्री पंजेही चाटतात, त्यामुळे बोटांमधले पांढरे केस लाळेने तांबूस होतात. पोट आणि काखा लालसर दिसतात. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात हे सुरू होतं. खाण्याची ॲलर्जी रक्त तपासून खात्रीने कळत नाही. आधी कधीच न खाल्लेलं एक प्रथिन किंवा डॉक्टरांनी दिलेलं विशेष अन्न निदान आठ आठवडे, त्याशिवाय तोंडात काहीही नाही, आणि मग जुनं अन्न परत देऊन खाज परतते का हे बघणं, हाच खरा मार्ग. घरातल्या एकाने चोरून दिलेलं एक बिस्किटही सगळी मेहनत पाण्यात घालतं. चव लावलेल्या औषधाच्या गोळ्यासुद्धा यात मोजायच्या, हे बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही.

आता मानेपासून मागे, केसांच्या उलट दिशेने दोन्ही हातांची बोटं कातडीवर फिरवायची. ही तपासणीची सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं, कारण गोचीड डोळ्यांआधी बोटाला लागते. तिच्या ठरलेल्या जागा आहेत: कानाच्या आतला पट, कानामागची खोबण, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी खालून. रक्त पिऊन फुगलेली मादी राखाडी, वाटाण्याएवढी होते आणि लगेच दिसते. तिच्याशेजारी चिकटलेला तपकिरी, चपटा नर आणि टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं मात्र निसटतात, म्हणून एक सापडली की तिथेच केस बाजूला करून आणखी शोधायचं.

काढायला बारीक टोकाचा चिमटा किंवा गोचीड काढायचा हुक घ्यावा. केस दोन्ही बाजूंना दाबून कातडी उघडी करावी. चिमटा गोचीडीच्या फुगलेल्या अंगाला लावायचा नाही. तिचं तोंड जिथे कातडीत शिरतं तिथे, कातडीला अगदी टेकवून धरायचा. मग हिसका न देता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढायचं. कातडी छोट्या तंबूसारखी वर येते, क्षणभर तशीच राहते आणि मग गोचीड सुटते. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर खणत बसू नये, काही दिवसांत कातडी तो बाहेर टाकते. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावी आणि जागा जंतुनाशकाने पुसावी. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काही नको. त्याने गोचीड घाबरून आतलं पोटातलं जखमेत ओकते, आणि जंतू त्यातच असतात. बोटांनी चिरडायचीही नाही.

कुत्र्यावर दिसतात त्या गोचीडी थोड्या, घरात असतात त्या खूप. पोट भरलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत, फरशीच्या कडेला किंवा खाटेखाली जाऊन हजारो अंडी घालते. तपकिरी गोचीडीची पिल्लं काही न खाता महिनोन्‌महिने टिकतात. नुसता कुत्रा साफ केला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. अंथरूण गरम पाण्यात, साधारण ६० अंशांवर धुवावं, फटी बुजवाव्यात, कडाकोपरे व्हॅक्यूमने ओढून पिशवी लगेच बाहेर टाकावी.

औषधात पर्याय बरेच आहेत आणि चुका त्यांच्या वापरात होतात. फ्लुरालॅनरची गोळी साधारण १२ आठवडे चालते, अफॉक्सोलॅनरची महिनाभर. या गोळ्या रक्तात जातात, म्हणून गोचीड चावल्यावरच मरते. गोळी देऊनही अंगावर एखादी दिसली म्हणजे औषध फसलं असं नाही. ज्या कुत्र्याला फिट्स येतात त्याला ही औषधं डॉक्टरांना विचारूनच. मानेवर टाकायचे थेंब केसांवर नाही, केस बाजूला करून कातडीवर पडले पाहिजेत. आधीचे आणि नंतरचे दोन दिवस आंघोळ नको. परमेथ्रिन असलेले थेंब घरात मांजर असेल तर आणू नयेत, मांजराला ते जीवघेणे आहेत. मोठ्या कुत्र्याचं पाकीट आणून लहान दोघांत वाटणं हे पैसे वाचवणं नव्हे, विषबाधेला बोलावणं आहे.

इतकं करूनही गोचीडताप डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो, कारण एर्लिकियासारखे जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतही शिरू शकतात. चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी कुत्रा मलूल होतो, ताप येतो, खाणं सोडतो, मान आणि जांघेतल्या गाठी सुजतात. रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात. पोटावरची केस नसलेली कातडी उजेडात धरून बघावी. टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके दिसले तर त्यांवर पारदर्शक काच किंवा ग्लास दाबावा. पुरळ असेल तर रंग फिका पडतो. ठिपका तसाच लाल राहिला तर ते कातडीखाली झिरपलेलं रक्त आहे. नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी दाखवावं. बॅबेशिया या गोचीडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या आजारात रक्तपेशी फुटतात, लघवी गडद, चहाच्या रंगाची होते आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. त्याचं औषध वेगळं असतं, आणि एकाच गोचीडीतून दोन्ही आजार येऊ शकतात, म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू करू नयेत. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन सहसा २८ दिवस चालतं. पहिल्या एक-दोन दिवसांतच ताप उतरतो, कुत्रा खायला लागतो आणि इथेच लोक औषध थांबवतात. मग जंतू अंगात दडून राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जा निकामी करत वर येतो. तेव्हा फार थोडं हातात उरतं. २८ म्हणजे २८. गोळी खाण्याबरोबर द्यावी आणि वर पाणी पाजावं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

पिसवांसाठी बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या वर, कंबरेवर फिरवायचा आणि निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचा. त्याच्याभोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर लाल होत नाही. एकही पिसू दिसली नाही तरी हा डाग पुरावा समजावा. मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या सुमारे ५ टक्केच असतात, बाकी अंडी, अळ्या आणि कोश जमिनीवर. कोशावर औषध चालत नाही. म्हणून निदान तीन महिने, घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं.

हात फिरवताना गाठ लागली तर तिची जागा, मोजपट्टीने मोजलेला आकार आणि तारीख वहीत. एक सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा महिनाभर टिकली तर सुई घालून पेशी तपासून घ्याव्यात. बहुतेक गाठी चरबीच्या निघतात, पण हाताला मऊ लागली म्हणून चरबीची, असं कोणत्याही डॉक्टरला नुसत्या बोटांनी सांगता येत नाही. मादीच्या स्तनांची दोन्ही रांगांमधली प्रत्येक जागा चिमटीत धरून बघायची. नसबंदी न केलेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत जास्त पाणी प्यायला लागली, सुस्त झाली किंवा योनीतून पू आला, तर गर्भाशयात पू झाला असण्याची दाट शक्यता. पू बाहेर येत नसेल तो प्रकार जास्त वाईट, कारण तो आतच साठतो.

पुढे बरगड्या. आपली मूठ वळून उंचवट्यांवरून बोट फिरवा, मग तळहात पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून, मग तळव्याच्या गादीवरून. बरगड्या मुठीसारख्या लागल्या तर कुत्रा बारीक, हाताच्या पाठीसारख्या लागल्या तर बरोबर, गादीसारख्या लागल्या तर वजन जास्त. वरून बघताना कंबर दिसली पाहिजे आणि बाजूने बघताना पोट वर गेलेलं. लॅब्रॅडॉरवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला २५ टक्के कमी अन्न दिलं होतं. कमी खाणारे मध्यमानाने १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. एवढं देणारं औषध आजतागायत निघालेलं नाही.

किती घालायचं याचा हिशेब असा. वजनाचा ०.७५ घात काढून ७० ने गुणायचं. १० किलोच्या कुत्र्याला साधारण ३९४ कॅलरी येतात. ही नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी १.६ ने गुणलं की सुमारे ६३०. वजन उतरवायचं असेल तर हव्या असलेल्या वजनावरून पहिला आकडा काढून तेवढंच द्यायचं आणि आठवड्याला १ ते २ टक्के घट धरायची, जास्त नाही. बक्षिसाचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत. अन्न वाटीने मोजू नये, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजावं; तीच वाटी रोज वेगळी भरते. काटेकोर देऊनही वजन हलत नसेल तर थायरॉइड तपासावं.

पाणीही महिन्यातून एकदा मोजतो. सकाळी मोजून भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त जात असेल तर मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंग (अंगात कॉर्टिसोल जास्त होण्याचा आजार) किंवा मघाचं गर्भाशयाचं दुखणं, यांपैकी काहीतरी शोधावं लागतं. पाणी कमी करून तहान लपवू नये.

पंज्यांमध्ये कुसळं आणि भेगा बघायच्या. अंगठ्याचं वरचं नख जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही, गोल वळून कातडीत घुसतं. ते आवर्जून कापायचं. बाकी नखं फरशीवर टकटक वाजली की वाढली.

शेवटी शेपटीखाली. तांदळाच्या दाण्यासारखे चपटे, कधी वळवळणारे तुकडे चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमी. तो पिसू गिळल्याने होतो. त्याला प्राझिक्वांटेल लागतं, आणि पिसवा गेल्या नाहीत तर महिन्याभरात परत येतो. कुत्रा ढुंगण जमिनीवर घासत असेल तर लोक जंतांचं औषध देतात, पण कारण बहुतेकदा गुदग्रंथी असतात. गुदद्वार घड्याळाची तबकडी धरली तर त्या ४ आणि ८ च्या जागी असतात. विष्ठा पातळ राहिली तर त्या नीट रिकाम्या होत नाहीत. दर वेळी पिळून काढण्यापेक्षा विष्ठा घट्ट होईल असा आहार आणि वजन, यांकडे बघावं. एका बाजूला लाल, दुखरी सूज असेल तर तिला हात न लावता दाखवावं.

संशय असला तर ताप मोजायचा. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर. ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस नेहमीचं. नाक ओलं की कोरडं, यावरून तापाचं काही कळत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर लसी आणि जंतनाशकं. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, वय १६ आठवडे होईपर्यंत. इतक्या वेळा का, तर आईकडून आलेली प्रतिपिंडं लस निकामी करतात आणि ती नेमकी कधी संपतील हे पिल्लागणिक वेगळं असतं. दोन सुया झाल्या, आता पुरे, म्हणून थांबलेली पिल्लंच पार्व्हो या विषाणूच्या आजारात जास्त सापडतात. सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान आणखी एक, मग डिस्टेंपर-पार्व्होची दर तीन वर्षांनी चालते; लेप्टोस्पायरोसिसची मात्र दरवर्षी. रेबीजची १२ आठवड्यांपासून आणि पुढे आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे, त्यात एक दिवसही उशीर नको. पार्व्हो १९७८ मध्ये जगभर पसरला तेव्हापासून पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू राहिलाय. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जगतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाही. आधी घाण साबणाने धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं ओलं ठेवायचं.

जंतनाशक दोन, चार, सहा, आठ आठवड्यांना, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, मोठेपणी दर तीन महिन्यांनी किंवा विष्ठा तपासून. गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लात शिरतात, म्हणून घराबाहेर न गेलेल्या पिल्लालाही ते लागतं. दर वेळी आधी वजन करावं. महिन्यात पिल्लू दुप्पट झालेलं असतं. डासांतून येणारे हृदयकृमी असतील तिथे महिन्याचं औषध सुरू करण्याआधी रक्त तपासणी आवश्यक आहे. कॉलीसारख्या जातींना आयव्हरमेक्टिनचा जास्त डोस जीवघेणा ठरू शकतो.

काही गोष्टी आठवड्याच्या तपासणीत सापडत नाहीत, त्या तासाभरात घडतात. उष्माघातात धाप, घट्ट लाळ, झोकांड्या. तिथल्या तिथे अंगावर साधं पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवला तर उष्णता आतच कोंडते. ताप ३९.५ पर्यंत उतरला की पाणी थांबवायचं. कुत्रा उठून चालायला लागला तरी दवाखाना चुकवू नये. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड पुढच्या दोन-तीन दिवसांत समोर येतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला उमासे येताहेत, बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं, तर पोटाला पीळ पडलाय. सकाळपर्यंत थांबलं तर कुत्रा जातो. द्राक्षं, मनुका, कांदा (शिजवलेलासुद्धा), चॉकलेट, झायलिटॉल, आयब्युप्रोफेन, पॅरासिटॅमॉल यांतलं काही खाल्लं तर वेळ आणि प्रमाण लिहून, वेष्टन हातात घेऊन निघायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये, मिठाचीच विषबाधा होते.

डॉक्टरांकडे जाताना वही, त्याच दिवसाची विष्ठा झाकणाच्या डबीत आणि मोबाइलवरचं चित्रीकरण न्यावं. दवाखान्यात भीतीने कुत्रा लंगडणं विसरतो, खोकला थांबवतो, आणि तपासताना सगळं ठीक दिसतं. लंगडत असेल तर दोन चित्रफिती काढाव्यात: एक समोरून आपल्याकडे चालत येताना, एक बाजूने जाताना, दोन्ही सपाट जमिनीवर, पट्टा सैल ठेवून. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. हे बाजूच्या चित्रात, वेग कमी करून बघितलं की स्पष्ट दिसतं.